इंजिन कुठे दिसतं, कुठे लपतं: कूपे आणि कन्व्हर्टिबल स्पोर्ट्‌स गाड्यांची इंजिन-कव्हरं कशी बघावीत

एकाच मॉडेलच्या दोन स्पोर्ट्‌स गाड्या शेजारीशेजारी उभ्या आहेत असं समजा. एक कूपे, म्हणजे पक्क्या टपाची. दुसरी कन्व्हर्टिबल, म्हणजे टप उघडणारी. समोरून बघितलं तर सख्ख्या जुळ्या. तेच दिवे, तीच चाकं, तोच रंग. आता चालत मागे या. कूपेच्या पाठीवर काच आहे आणि काचेखाली अख्खं इंजिन मांडून ठेवलंय. लाल रंगाचे इनटेक (इंजिनात हवा नेणारे भाग), कार्बन फायबरच्या पट्ट्या, नीट वळवलेल्या नळ्या, सगळं उजेडात. दुसरीच्या पाठीवर रंगवलेला पत्रा, सीटच्या मागे दोन उंचवटे आणि थोडीशी जाळी. इंजिन तेच आहे, पण दिसत नाही.

या गाड्यांचा नाद नव्याने लागलेला माणूस हमखास इथे अडतो. कन्व्हर्टिबल बहुतेक वेळा कूपेपेक्षा महाग असते, मग तिचंच इंजिन का झाकून ठेवलं? ते खराब दिसतं का? स्वस्तातलं आहे का? तसं काही नाही. आधी टप कुठे जातो ते बघा, कव्हर असं का दिसतं याचं उत्तर तिथेच सापडतं. हे एवढं डोक्यात ठेवून पुढच्या पायऱ्या घेतल्या की कुठल्याही गाडीची पाठ तुम्हाला वाचता येईल.

पहिली पायरी: आपण कोणत्या कव्हरबद्दल बोलतोय ते ठरवा

"इंजिन-कव्हर" हा एकच शब्द लोक दोन वेगळ्या वस्तूंसाठी वापरतात आणि निम्मे वाद त्यातून होतात. एक म्हणजे गाडीच्या बॉडीचा भाग असलेलं मोठं झाकण, जे उचललं की इंजिन दिसतं. दुसरी वस्तू म्हणजे थेट इंजिनावर बसवलेलं प्लास्टिकचं किंवा कार्बनचं शोभेचं कव्हर, ज्यावर कंपनीचं नाव किंवा चिन्ह असतं. या लेखात पहिल्याला मी "झाकण" म्हणेन आणि दुसऱ्याला "शोभेचं कव्हर".

शोभेचं कव्हर अगदीच बिनकामाचं नसतं. त्याखाली इग्निशन कॉइल, वायरिंग आणि इंधनाच्या नळ्या लपतात. बऱ्याच कव्हरांना आतून फोम असतो, तो इंजिनाचा टकटक आवाज थोडा दाबतो. पण ते कसं दिसावं हे ठरतं वरचं झाकण पारदर्शक आहे की नाही यावर. काचेखालून जगाला दिसणार असेल तर त्यावर रंग, पोत, बोल्टांची डोकी, सगळ्याचा विचार होतो. पत्र्याखाली झाकलं जाणार असेल तर साधं काळं प्लास्टिकही चालतं. म्हणून एकाच इंजिनाचं शोभेचं कव्हर कूपेत नटलेलं आणि कन्व्हर्टिबलमध्ये साधं असू शकतं. सुटे भाग मागवताना ही गोष्ट लक्षात ठेवा. मॉडेल एकच असलं तरी आपल्या बॉडीचा प्रकार सांगितल्याशिवाय कव्हर मागवू नका.

काही इंजिनांना शोभेचं कव्हर लागतच नाही, कारण खरा भागच देखणा केलेला असतो. फेरारीच्या इंजिनांवरचा तो सुरकुतलेला लाल रंग बघा. तो इनटेक प्लेनमवर, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या धातूच्या भागावर दिलेला असतो. फेरारीच्याच "टेस्टारोसा" या गाडीच्या नावाचा अर्थच लाल डोकं. १९५०च्या दशकातल्या त्यांच्या शर्यतीच्या गाड्यांच्या इंजिनांची वरची कव्हरं लाल रंगवलेली असत, त्यावरून ते नाव आलं. त्या रंगाला जवळून बघा. गुळगुळीत नसतो, बारीक वळ्या पडलेला असतो, बोट फिरवलं तर खरखरीत लागतो. ओतीव धातूचा ओबडधोबडपणा या पोतात छान लपतो.

दुसरी पायरी: इंजिन कुठे बसलंय ते शोधा

इंजिन पुढे असेल तर हा लेख तुमच्या फारसा कामाचा नाही. माझदा एमएक्स-५ किंवा पुढे इंजिन असलेली कुठलीही रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची दोन सीटची गाडी, घ्या. टप मागे दुमडतो, इंजिन पुढे बॉनेटखाली असतं, दोघांचा एकमेकांशी संबंधच येत नाही. कूपे असो की उघडी, बॉनेट तेच आणि त्याखालचं दृश्यही तेच. मर्सिडीजच्या काही एएमजी इंजिनांवर ते जुळवणाऱ्या कारागिराच्या सहीची पट्टी असते. ती बघायला बॉनेट उघडावंच लागतं, टप कसाही असो.

इंजिन अगदी शेवटी, मागच्या चाकांच्याही मागे असेल, म्हणजे पोर्शे ९११, तरी फरक कमी. ९११ कॅब्रिओलेचा, म्हणजे तिच्या कन्व्हर्टिबलचा, टप मागच्या सीटच्या पाठीशी घडी होऊन बसतो, इंजिन त्याच्याही मागे राहतं. त्यामुळे कूपेची आणि कॅब्रिओलेची मागची जाळीदार झाकणं पुष्कळशी सारखी दिसतात. आणि खरं सांगायचं तर नव्या ९११चं झाकण उघडून फार काही हाती लागत नाही. पंखे दिसतात आणि तेल आणि कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) भरायची तोंडं दिसतात. इंजिन खाली दडलेलं असतं.

खरी गंमत आहे ती मध्य-इंजिनच्या गाड्यांत. सीटच्या लगेच मागे इंजिन, त्याच्या मागे चाकांचा ॲक्सल. वजन गाडीच्या पोटात राहतं म्हणून वळणावर गाडी चपळ वागते. पण त्यामुळे टपाला आणि इंजिनाला एकच जागा हवी असते. पुढचं सगळं याच गाड्यांबद्दल आहे.

तिसरी पायरी: कूपेच्या मागे उभं राहून झाकण वाचा

कूपेत टप हलत नाही. त्यामुळे डिझायनरला सीटमागच्या भिंतीपासून शेपटापर्यंतची सगळी जागा झाकणासाठी मोकळी मिळते. या जागेवर साधारण तीन प्रकार दिसतात: पट्ट्या, काच आणि जाळी.

पट्ट्या सर्वांत जुन्या. १९६६च्या लॅम्बोर्गिनी मिउराच्या मागच्या काचेच्या जागी काळ्या आडव्या पट्ट्या होत्या. गरम हवा त्यांच्या फटींतून वर निघून जाते आणि चालकाला मागचं थोडंफार दिसतं. फेरारीने १९८७च्या एफ४०ला पारदर्शक प्लास्टिकचं झाकण दिलं आणि त्यातच फटी कापल्या, म्हणजे बघायलाही मिळालं आणि उष्णताही निघाली. २०१९च्या एफ८ ट्रिब्युटोच्या मागच्या फटीदार पारदर्शक झाकणात त्याच एफ४०ची आठवण जपलेली आहे. दोन्ही गाड्यांचे फोटो शेजारी ठेवून बघा, घराण्याची खूण लगेच पटते.

काचेचं झाकण लोकांच्या मनात बसलं ते १९९९च्या फेरारी ३६० मोडेनामुळे, असं मला वाटतं. एफ४०चं झाकण मोजक्या लोकांसाठीच्या गाडीवर होतं, ३६० तुलनेने रोज चालवायची गाडी होती. त्यानंतर ऑडी आर८ने त्या काचेखाली इंजिनाच्या कप्प्यात एलईडी दिवे लावायची सोय दिली. रात्री अंधारात उभी असलेली आर८ कूपे, दिवे लावले की काचेखाली इंजिन उजळतं. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा गाडीभोवती फिरायचं विसरून एकाच जागी उभा राहिलो होतो. कॉर्व्हेटचं उदाहरण मला आणखी आवडतं. २०१९मध्ये सादर झालेल्या सी८मध्ये कॉर्व्हेटचं इंजिन पहिल्यांदाच सीटच्या मागे गेलं, आणि कूपेच्या मागच्या काचेतून ते दिसणार म्हटल्यावर ६.२ लिटरच्या त्या व्ही-८वरचे (व्ही आकारात आठ सिलिंडर असलेल्या इंजिनावरचे) बोल्ट, वायरी, नळ्या, सगळं कसं दिसेल याचा विचार करावा लागला. आधीच्या कॉर्व्हेटमध्ये बॉनेट उघडणाऱ्यालाच इंजिन दिसायचं, आता रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसू लागलं.

काचेच्या झाकणाकडे बघताना नवख्याने दोन गोष्टी तपासाव्यात. काचेच्या कडेला फटी किंवा जाळी आहे का? असायलाच हवी. काच बंद डब्यासारखी बसवली तर आतली उष्णता कोंडते. दुसरं म्हणजे, हे खरंच काच आहे की पारदर्शक प्लास्टिक? नखाने हलकेच टिचकी मारा, आवाजावरून कळतं. काच खणखणते, प्लास्टिक बद्द वाजतं. काच ओरखडे सोसते पण जड असते, आणि ते वजन गाडीच्या उंच भागात बसतं. प्लास्टिक हलकं असतं, पण त्यावर धुळीनेसुद्धा रेघा उठतात. वेगासाठी जन्मलेल्या आवृत्त्यांत प्लास्टिक दिसतं ते याच हिशेबाने.

जाळीबद्दल थोडक्यात. जाळीचं झाकण सर्वांत जास्त श्वास घेऊ देतं आणि इंजिन अर्धवट दाखवतं. पोर्शे करेरा जीटीच्या पाठीवरच्या जाळीच्या दोन घुमटांखाली व्ही-१० इंजिन असतं. मला तो अर्धवटपणा काचेपेक्षा जास्त ओढ लावणारा वाटतो.

चौथी पायरी: कन्व्हर्टिबलचा टप उघडताना बघा, एकदा नव्हे, तीनदा

नवख्यांना मी नेहमी हेच सांगतो. टप बंद असलेली किंवा पूर्ण उघडलेली गाडी बघून काही कळत नाही. मधले ते दहा-वीस सेकंद बघा.

पहिल्या वेळी फक्त झाकणाकडे लक्ष ठेवा. मागचं मोठं झाकण सहसा मागच्या बाजूच्या बिजागरीवर उचललं जातं, म्हणजे त्याचं तोंड सीटकडे उघडतं. टप दुमडून आत जातो आणि झाकण पुन्हा खाली बसतं. हे झाकण आता दोन कामं करतंय, इंजिन झाकायचं आणि टपाची पेटी बंद करायची. म्हणून ते कूपेच्या झाकणापेक्षा लांब-रुंद असतं, त्याला आतून मजबुती लागते आणि त्याच्या हालचालीला मोटर किंवा हायड्रॉलिक दांडे लागतात.

दुसऱ्या वेळी टपाकडे बघा. तो नेमका कुठे जाऊन बसला? फेरारी ४५८ स्पायडरमध्ये (स्पायडर हे कन्व्हर्टिबलचंच एक नाव) ॲल्युमिनियमचा टप दोन तुकड्यांत दुमडून थेट इंजिनाच्या वर आडवा झोपतो, १४ सेकंदांत. मग काचेला जागाच कुठे उरली? काच लावली असती तरी खाली टपाची पाठ दिसली असती. म्हणून ४५८ इटालिया कूपेचं इंजिन काचेखाली दिसतं आणि स्पायडरचं पत्र्याखाली जातं. कॉर्व्हेट सी८ कन्व्हर्टिबलचंही तसंच. तिचा कडक टप सहा इलेक्ट्रिक मोटर १६ सेकंदांत दुमडतात आणि त्यावर उंचवटे असलेलं झाकण बसतं.

इथे एक सोपा पण चुकीचा निष्कर्ष निघतो: कडक टप असेल तर इंजिन लपतं, कापडी असेल तर दिसतं. ३६० स्पायडर बघितली तर हे पटतंसुद्धा. तिचा कापडी टप घडी होऊन सीट आणि इंजिन यांच्यामधल्या कप्प्यात बसतो, त्यामुळे तिच्या पाठीवर काच ठेवता आली आणि उघड्या गाडीतही व्ही-८ दिसत राहिलं. पण ऑडी आर८ स्पायडर कापडी टपाचीच आहे. तिचा टप १९ सेकंदांत इंजिनाच्या वरच जाऊन बसतो, आणि कूपेत उजळणारं तेच इंजिन तिच्यात बंद झाकणाखाली जातं. म्हणजे कापड की धातू हा प्रश्न दुय्यम. घडी पडते कुठे, हे बघायचं.

तिसऱ्या वेळी उष्णतेचा विचार करत बघा. एक्झॉस्टच्या नळ्या काही शे अंशांपर्यंत तापतात आणि गरम हवा वरच जाते. वर काय आहे? घडी केलेलं कापड, रबरी पट्ट्या, हायड्रॉलिक तेलाच्या नळ्या, मोटर, सेन्सर. या सगळ्यांना उष्णतेपासून वाचवायला टपाची पेटी आणि इंजिन यांच्यामध्ये उष्णतारोधक आवरण घालावं लागतं. मॅकलरेनने १९९२च्या आपल्या "एफ१" नावाच्या, रस्त्यावर चालवायच्या गाडीत इंजिनाचा कप्पा आतून चक्क सोन्याच्या पातळ पत्र्याने मढवला होता, कारण सोनं उष्णता फार चांगली परतवतं. ती गाडी कन्व्हर्टिबल नव्हती. तिथे ही तऱ्हा, तर टप डोक्यावर घेऊन बसलेल्या इंजिनाची काय असेल याचा अंदाज करा.

मला हे हाताने कळलं. एका मित्राची स्पायडर तासभर चालवून आम्ही थांबलो होतो. इंजिन बंद होतं. झाकणाच्या जाळीवर वीतभर अंतरावर मी तळहात धरला, आणि भाकरी भाजताना तव्यावरून येते तशी धग लागली. दोन मिनिटांनी किल्ली खिशात असताना आतला पंखा आपोआप सुरू झाला. त्या जाळ्या केवळ सजावट आहेत असं मी तोवर समजत होतो. कन्व्हर्टिबलच्या झाकणावर जाळ्या आणि फटी कुठे आहेत हे बघा: बहुतेक अगदी मागे किंवा कडांना, कारण मधली जागा टपाने घेतलेली असते.

आता ते दोन उंचवटे. सीटच्या मागून सुरू होऊन शेपटाकडे उतरत जाणारे हे उंचवटे जुन्या शर्यतीच्या गाड्यांच्या हेडरेस्टची आठवण देतात. पण त्यांच्याखाली बऱ्याचदा गाडी उलटल्यास डोकं वाचवणारी यंत्रणा असते, आणि डोक्यावरून येणारी हवा त्यांच्यावरून सरळ मागे जाते. त्यांच्यामध्ये एक छोटी उभी काच दिसेल. ती वाऱ्याचा भोवरा अडवते, आणि आर८ स्पायडरसारख्या गाड्यांत बटण दाबून खाली करता येते. टप बंद ठेवून फक्त ती काच खाली करा. पाऊस पडत असला तरी इंजिनाचा आवाज थेट कानाशी येतो. कन्व्हर्टिबलवाल्यांना इंजिन दिसत नाही हे खरं, पण ऐकू येण्याच्या बाबतीत कूपेवाला त्यांच्या जवळपासही येत नाही.

पाचवी पायरी: मधला मार्ग काढलेल्या गाड्या ओळखा

दोन टोकांच्या मध्ये काही फार हुशार उत्तरं आहेत आणि मला वैयक्तिकरीत्या हीच सर्वांत जास्त आवडतात.

लॅम्बोर्गिनी ॲव्हेंटाडोर रोडस्टरचा टप आपोआप दुमडत नाही. कार्बन फायबरचे दोन तुकडे हाताने काढायचे आणि पुढच्या डिकीत ठेवायचे. टप पुढे गेला, म्हणजे मागची जागा इंजिनाला मोकळी! तिच्या झाकणावर मधोमध कण्यासारखी पट्टी आहे आणि दोन्ही बाजूंना षटकोनी खिडक्यांच्या दोन जोड्या. त्यांतून व्ही-१२ दिसतं, हवा खेळते आणि पावसाचं पाणीही वाहून जातं. सोयीच्या दृष्टीने हा मार्ग कष्टाचा आहे, पाऊस आला की गाडी थांबवून उतरावं लागतं. दिसण्याच्या दृष्टीने मात्र तोड नाही.

फेरारी २९६ जीटीएस हे दुसरं उदाहरण, २०२२चं. तिचा कडक टप दोन तुकड्यांत दुमडून इंजिनाच्या पुढच्या भागावरच सपाट बसतो. मागचा भाग मोकळा राहतो, आणि तिथे झाकणात एक खिडकी बसवता आली. त्यातून व्ही-६ दिसतं. टप १४ सेकंदांत आणि ताशी ४५ किलोमीटरपर्यंत चालत्या गाडीतही उघडतो. याची किंमतही आहे: कूपे २९६ जीटीबीपेक्षा ती ७० किलोंनी जड आहे. तरी ४५८ स्पायडरच्या बंद पाठीपासून या खिडकीपर्यंत येताना टपाची घडी किती आखडली ते बघण्यासारखं आहे.

मॅकलरेन ७२०एस स्पायडरने वेगळाच विचार केला. तिच्या उंचवट्यांनाच काच लावली. त्यातून इंजिन दाखवायचा हेतू नव्हता, चालकाला मागचं तिरकं दिसावं हा होता. बाहेरून मात्र त्या पारदर्शक उंचवट्यांमुळे पाठ हलकी वाटते.

आणि ज्यांनी हा प्रश्नच सोडून दिला अशाही गाड्या आहेत. पोर्शे बॉक्स्टर आणि तिची कूपे बहीण केमन. दोघींत इंजिन मध्यभागी आहे आणि दोघींत ते दिसत नाही. मागच्या डिकीत तेल आणि कूलंट भरायची तोंडं आहेत, रोजच्या गरजेला तेवढी पुरतात. केमनमध्ये खरं इंजिन बघायचं तर सीटमागचा गालिचा आणि त्याखालचं पॅनेल काढावं लागतं. बॉक्स्टरमध्ये आधी टप अर्ध्यात, सर्व्हिसच्या स्थितीत आणावा लागतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात तसं या इंजिनांचं आहे. चालवताना कळतात, बघायला मिळत नाहीत.

सहावी पायरी: झाकण उघडताना

गाडीचं मॅन्युअल आधी वाचा. कूपेत बहुधा एक बटण किंवा खटका असतो आणि झाकण गॅसच्या दांड्यांवर उभं राहतं. कन्व्हर्टिबलमध्ये टपासाठी उघडणं आणि इंजिनासाठी उघडणं या दोन वेगळ्या क्रिया असू शकतात. टपाच्या बटणाने झाकण अर्ध्यात थांबवून आत हात घालायचा मोह होतो, तो करू नका. ती यंत्रणा ताकदवान असते, आणि हायड्रॉलिकचा दाब उतरला तर झाकण सावकाश खाली येऊ शकतं.

टप चालवण्याआधी वर छताला किती जागा आहे ते बघा, मागच्या झाकणावर काही ठेवलेलं नाही याची खात्री करा आणि बॅटरी चांगली असू द्या. बॅटरी मध्येच बसली तर टप अर्ध्यात अडकतो. गाडी गरम असेल तर अर्धा तास थांबा. पंखा आपोआप सुरू होतो हे वर सांगितलंच आहे, म्हणून बाही सैल असेल तर वर सरकवा.

बंद करताना झाकण उंचावरून सोडून आपटायचं नाही. हळू खाली आणा आणि खटका जिथे आहे तिथे, कडेजवळ, दोन्ही तळहातांनी दाबा. काचेच्या किंवा कार्बनच्या मधोमध कधीही जोर देऊ नका.

सातवी पायरी: जुनी गाडी घेत असाल तर

कूपेत काचेच्या कडेचं रबर कडक होऊन भेगाळलंय का ते बघा. प्लास्टिकचं झाकण असेल तर ते उन्हाकडे तिरकं धरून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ते आतून थकलंय. कार्बनवरचा लाखेचा थर उन्हाने आणि उष्णतेने पिवळट किंवा दुधट होतो. लाल सुरकुत्या-रंगाचे पोपडे निघालेत का आणि त्याखाली पांढरी पूड दिसते का, तेही बघा. ती पूड म्हणजे धातूला गंज लागायला लागलाय.

कन्व्हर्टिबलमध्ये पहिली नजर फटींवर. मागचं झाकण आणि बाजूचे पत्रे यांच्यामधली फट डावी-उजवी सारखी हवी. हे झाकण प्रत्येक वेळी टपासोबत हलतं, त्यामुळे बिजागरी झिजली किंवा गाडीला मागून धक्का बसलेला असेल तर चुगली इथेच होते. मग विकणाऱ्याला टप उघडायला सांगा आणि पेटीच्या आत डोकावा. अस्तर जळकट किंवा ठिसूळ झालंय का, चंदेरी उष्णतारोधक थर सुटलाय का, दांड्यांपाशी तेल पाझरतंय का. पाणी जायच्या वाटा पानांनी तुंबलेल्या असतील तर ओलसर वास येईल.

आणखी एक धोका म्हणजे बाहेरून बसवलेली पारदर्शक झाकणं. मूळ गाडीत पट्ट्यांचं झाकण होतं आणि कुणीतरी नंतर काचेचं किंवा ॲक्रिलिकचं बसवलं, असं पुष्कळदा दिसतं. कंपनीच्याच पर्यायातलं असेल तर प्रश्न नाही, त्यात हवेच्या वाटा मोजून ठेवलेल्या असतात. बाहेरचं असेल तर मूळ झाकणाइतक्या फटी त्यात आहेत का ते मोजूनच बघा. नसतील तर त्या गाडीने आजवर किती उष्णता कोंडून सोसली ते कळायला मार्ग नाही. मी अशी गाडी घेणार नाही.

आठवी पायरी: स्वच्छता

इंजिन पूर्ण गार असू द्या. काचेच्या बाहेरच्या बाजूला सगळे पुसतात, आतली बाजू विसरतात. तिथे तेलाच्या वाफेचा आणि धुळीचा एक पातळ, चिकट थर बसतो. बोट फिरवलं की करडी रेघ उमटते. पहिल्यांदा आतून काच पुसली तेव्हा मला वाटलं की इंजिनाचा रंगच बदलला, इतका फरक पडला. मऊ मायक्रोफायबरचा ओला कपडा, मग कोरडा, एवढं पुरे.

प्लास्टिकच्या झाकणावर अमोनिया असलेलं काच-क्लीनर वापरू नका, त्याने प्लास्टिक धुरकट होतं आणि त्याला बारीक भेगा पडतात. आधी भरपूर पाण्याने धूळ घालवा, मगच कपडा लावा. सुरकुतलेल्या रंगावर मऊ ब्रश चालवा. मेण किंवा पॉलिश लावू नका, ते वळ्यांमध्ये अडकून पांढरं दिसतं. इंजिनाच्या कप्प्यात जोराच्या पाण्याचा फवारा नको. कन्व्हर्टिबलमध्ये तर मुळीच नको, तिथे टपाचे सेन्सर आणि जोडण्या असतात. रबरी पट्ट्यांना रबरासाठीचं सिलिकॉन हलक्या हाताने लावा, झाकण बंद होताना करकर वाजत असेल तर तेवढ्यानेही फरक पडतो.

मग घ्यायची कोणती?

गाडी उभी असताना तिच्याभोवती फिरायला, मित्रांना झाकण उघडून दाखवायला, गॅरेजमध्ये खुर्ची टाकून नुसतं बघत बसायला आवडत असेल तर कूपे घ्या, आणि पारदर्शक झाकण पर्यायात असेल तर ते जरूर निवडा. नंतर बदलायला गेलात तर जड जातं. चालवताना इंजिन कानात भरून घ्यायचं असेल तर कन्व्हर्टिबल घ्या आणि मागच्या पत्र्याबद्दल हळहळू नका. दोन्ही हवं असेल तर टप हाताने काढायची तयारी ठेवा किंवा खिडकी राखलेल्या थोड्या गाड्यांकडे बघा.

निर्णय व्हायच्या आधी एवढं करा. दोन्ही गाड्या एकाच दिवशी बघा. कूपे दिवसा उजेडात, काचेवर आभाळाचं प्रतिबिंब पडत असताना बघा, कारण भर दुपारी त्या काचेतून इंजिनापेक्षा ढगच जास्त दिसतात. ती बघायची खरी वेळ संध्याकाळची. कन्व्हर्टिबल मात्र कुठल्याही वेळी बघा. टप बंद, मागची छोटी काच खाली, आणि इंजिन सुरू करा.